घरवाटा

टिकटिक्याने नळी माशाच्या कल्ल्याजवळ धरली, तिथून पोटाखाली नेली, शेपटीपर्यंत ओढली आणि पेटीवरच्या काट्याकडे पाहिले. काटा जागचा हलला नव्हता. अधूनमधून एखादी टिक येत होती, पण तशी ती रिकाम्या टेबलावरही यायची. त्याने बोटाने खूण केली, हमालांनी पाटी पुढे ढकलली आणि दुसरी लावली. तीही गप्प. तिसरीही गप्प.

लिलावाच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्यांतून कुणीतरी म्हणाले, सासऱ्याचा माल आहे, यंत्राला लाज वाटणारच. धक्क्यावर हशा पिकला. टिकटिक्याही थोडा हसला. तो हसला नसता तर ते आणखी हसले असते.

हे नाव त्याला धक्क्यानेच दिलेले. सरकारदरबारी तो मोजणीदार होता. खांद्याला पट्ट्याने अडकवलेली लोखंडी पेटी, पेटीतून निघणारी वायर, वायरीच्या टोकाला नळी, एवढा त्याचा संसार. नळीजवळ वाईट काही आले की पेटी टिकटिकायची, जितके वाईट तितकी जोरात. किनाऱ्यावरच्या चार धक्क्यांवर तो आळीपाळीने जायचा आणि चारही ठिकाणी लोक त्याच्याकडे दारात वसुलीवाला उभा राहिल्यासारखे बघायचे.

यंत्राची गरज का पडली, तर दूर समुद्रात, जिथे कुणी राहत नाही असे पत्रकात छापले होते तिथे, एका मोठ्या देशाने बॉम्ब फोडून बघितला. चालतो की नाही ते बघायला. चालला. मग त्याहून मोठा चालतो का, तेही बघून झाले. त्याची राख वर गेली, वाऱ्याबरोबर इकडे आली, पावसातून खाली उतरली. छपराचे पाणी पिऊ नका म्हणून काही दिवस एक गाडी गल्लोगल्ली ओरडत फिरली, मग गाडी यायची बंद झाली. पाऊस काही यायचा बंद झाला नाही. समुद्राच्या नकाशावर लाल पेन्सिलीने एक चौकोन आखला गेला आणि बोटींनी त्यात जायचे नाही असे ठरले. मासे मात्र त्या चौकोनात जात होते, पोट भरून बाहेर येत होते. त्यांना नकाशा कोण दाखवणार?

नियम साधा होता. लिलावाची घंटा झाली की जो माल टेबलावर येईल तो मोजायचा. घंटेआधी खलाशी आपापल्या घरचा मासा, म्हणजे घरवाटा, घेऊन गेलेले असत. ती जुनी रीत होती आणि तिच्यात मालकही लक्ष घालत नसे. टेबलावरच्या मालातल्या एका जरी माशाने यंत्राचा काटा लाल रेघेच्या वर नेला, तरी त्या बोटीची सगळी खेप जप्त व्हायची. गोदामामागच्या खड्ड्यात चुना टाकून ती पुरायची. त्या खड्ड्याच्या कडेला धट्टीकट्टी माणसे लहान मुलासारखी रडताना टिकटिक्याने पाहिली होती.

कप्तानाची बोट तेवढी अजून एकदाही नापास झाली नव्हती. आणि कप्तान म्हणजे टिकटिक्याचा सासरा. लग्न आधीचे, यंत्र नंतरचे, पण हे सांगून कुणाला पटणार?

त्या दिवशी भोंग्याच्या बोटीचा माल नापास झाला. भोंग्या हा दुसऱ्या एका बोटीचा मालक, त्याचा आवाज या टोकाला निघाला की त्या टोकाला ऐकू जायचा. हमाल त्याच्या पाट्या खड्ड्याकडे ओढत होते आणि तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. आज तो ओरडला नाही, हे टिकटिक्याला जास्त लागले.

"एकाच पाण्यात जाळी टाकतो आम्ही," तो म्हणाला. "माझी बोट आणि तुझ्या सासऱ्याची बोट. माझाच मासा तेवढा विषारी कसा, ते सांग मला."

टिकटिक्याने कप्तानाच्या सगळ्या पाट्या परत मागवल्या. एरवी तो प्रत्येक पाटीतले वरचे चार-पाच मासे बघायचा. आज त्याने पाट्या टेबलावर ओतायला लावल्या आणि एकेक मासा उचलून, उलटून, सुलटून मोजला. लिलाववाले वैतागले, बर्फ वितळून बुटांत गेला, कप्तान मात्र दोरखंडावर बसून शांतपणे विडी ओढत होता. शेवटचा मासा मोजून झाला तरी काटा होता तिथेच होता. भोंग्या थुंकला आणि निघून गेला.

माल पास झाला होता, पण टिकटिक्याचे समाधान झाले नाही. सगळा माल हाताखालून गेल्यामुळे एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. त्यात कोपरापासून बोटांपर्यंत भरेल यापेक्षा लांब मासाच नव्हता. भोंग्याच्या पाट्यांत माणसाने मिठीत घ्यावेत असले थोरले मासे होते, आणि टिकटिकले होते ते तेच. एकच पाणी, एकसारखी जाळी, आणि कप्तानाला थोरला मासा लागतच नाही? कुठेतरी पाणी मुरत होते.

कप्तानाचा इंजिनवाला नळाखाली हात चोळत होता. टिकटिक्याने त्याला बाजूला घेऊन विचारले. इंजिनवाला आधी गोंधळला, मग मान खाजवत हसला. चोरी पकडली गेलेल्या माणसाचे ते हसणे नव्हते.

"मला कशाला विचारता?" तो म्हणाला. "सासुरवाडीला जाऊन जेवा की एकदा. पण आधी सांगून जाऊ नका."

टिकटिक्याची बायको बरेच दिवस माहेरीच होती. हा चार धक्क्यांवर फिरणार, खोलीवर ती एकटी राहणार, आणि तिची अवस्था एकटे राहण्यासारखी नव्हती. यापूर्वी तिला दोनदा राहिले होते आणि दोनदा गेले होते. दुसऱ्या वेळी तर पाळण्याला रंग देऊन झाला होता. आता तिसऱ्यांदा राहिले होते, सहावा संपत आला होता, आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरांनी सांगितले, पडून राहा आणि अंगाला लागेल असे खा. पडून राहण्याकडे आईने बघितले, खाण्याकडे बापाने. टिकटिक्याच्या हातात फारसे काही नव्हते. त्याने आपल्याकडून एकच गोष्ट तिला बजावून सांगितली होती की मासा खायचा तर फक्त बाबांच्या बोटीचा खा. ती बोट आजवर नापास झालेली नाही, मी स्वतः मोजतो, तिचा मासा बिनधास्त खा.

तो पेटी खांद्याला लावून गल्लीच्या पायऱ्या चढला. पेटी धक्क्यावर सोडून जायची नाही असा वरून हुकूम होता. दार उघडेच होते. सासूबाईंनी त्याला बघितले आणि त्यांच्या तोंडचे पाणीच पळाले. अहो, सांगायचे तरी, आज तर घरात नुसता मासाच आहे, असे त्या तीन-तीनदा म्हणाल्या. कोळ्याच्या घरी पाहुण्याला मासा वाढणे म्हणजे त्याची बोळवण करणे. जावई येणार म्हटले की त्या आदल्या दिवशी मटण आणून ठेवायच्या, आणि जावई आजवर कधी न सांगता आला नव्हता. त्यामुळे या घरात रोज काय शिजते ते त्याने कधी बघितलेच नव्हते.

बायको भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसली होती. तिचे पाय सुजले होते, पण गालांवर मांस आले होते आणि ती लग्नानंतर पहिल्यांदाच अशी निवांत दिसत होती. नवऱ्याला बघून तिने नुसतेच विचारले, आज काय वाट चुकलात का? त्याने पेटी तिच्यापासून लांब, दाराशी ठेवली. ही त्याची नेहमीची सवय होती. पेटीतून काही बाहेर येत नाही हे त्याला ठाऊक होते, तरी तो ठेवायचा.

कप्तान अंघोळ करून आला. धक्क्यावरच्या प्रकाराबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. जावयाने आपला माल सगळ्यांदेखत ओतायला लावला याचा राग असेल, तर तो त्याने विडीबरोबर खालीच संपवून टाकला होता. सगळे जेवायला बसले आणि सासूबाईंनी वाढायला घेतले.

मुलीच्या ताटात त्यांनी माशाचा तुकडा ठेवला. त्याने ताटाची एक कड बरोबर झाकली. मध्ये अंगठ्याएवढा गोल काटा होता. शेजारी त्यांनी भाजलेले काळीज ठेवले, तपकिरी, तेलाने चमकणारे, आणि जावयाला म्हणाल्या की काळीज मात्र कुणालाच देत नाही हो, ते हिचे. त्याच्या ताटातही तसलाच तुकडा आला. टिकटिक्या त्या काट्याकडे बघत राहिला. एवढ्या काट्याचा मासा म्हणजे छातीएवढा उंच.

"बाबा," त्याने विचारले, "हा कुठला?"

कप्तानाने बायकोकडे बघितले आणि मग हसला. आता लपवण्यात अर्थ नाही, असे काहीतरी त्या हसण्यात होते. जाळे वर आले की थोरले मासे आधी वेगळे काढतो, त्याने सांगितले. हातभरापेक्षा लांब दिसला की तो बर्फात मागच्या बाजूला. भोंग्याचा माल मातीत जातो तो कशाने? थोरल्यांनीच ना? लहान मासा टिकटिकत नाही, थोरला टिकटिकतो; हे कळायला यंत्र कशाला लागते, रोज टेबलाशी उभे राहून आम्हीही बघतोच की. मग थोरला टेबलावर आणायचाच कशाला? तो घंटेआधी घरवाट्यात जातो. सगळ्या खलाशांनी मिळून तसे ठरवले आहे. ज्याच्या घरी म्हातारे, आजारी, बाळंतीण असेल त्याला आधी. आणि सगळ्यांत आधी या घरी, कारण आमच्या चिमीचे दोनदा काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. काळीज चिमीला, हे तर खलाशांनी आपणहून सांगितले.

टिकटिक्याने कसेबसे विचारले की ते परत पाण्यात का टाकत नाही. कप्तानाला हा प्रश्नच समजला नाही. एवढा मासा पाण्यात टाकायचा?

"पूर्वी घरवाट्यात काय यायचं? फुटका, दबलेला, कुणी विकत घेणार नाही असला मासा. जन्मभर थोरला लोकांच्या ताटात गेला आणि आमच्या पोरांनी डोकी चोखली. हिनंसुद्धा. यंत्र आलं आणि लोकांना थोरला नकोसा झाला. म्हटलं, चला, आता आपली पोरं खातील."

पुढचे त्याने जावयाकडे न बघता, ताटाकडे बघून सांगितले.

"आणि दुसरं म्हणजे, तुमच्यावर सासऱ्याचा माल नापास करायची पाळी येऊ नये. लोक काय, दोन्हीकडून बोलणारच. तुम्हाला त्रास नको, एवढंच बघितलं मी."

हे कधीपासून चालले आहे, असे टिकटिक्याने विचारले. यंत्र आले तेव्हापासूनच, कप्तान म्हणाला, आणि चोरून काही केले नाही. पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला टेबलाशी येऊन विचारले होते की घरवाटा आणू का मोजायला. तुम्ही म्हणालात, घरवाट्याला नियम नाही, घेऊन जा.

तो असे म्हणाला होता. त्या आठवड्यात टेबलाभोवती झुंबड होती, वरून माणसे बघायला आली होती, आणि विकायच्या मालाखेरीज कशाचाच नियम कुणी लिहिला नव्हता. त्याने खरे तेच सांगितले होते.

त्याने बायकोच्या ताटाकडे पाहिले. काळजाचा अर्धा तुकडा संपला होता. तो उठला, दाराशी गेला आणि पेटी घेऊन आला. जेवताना कशाला ते, असे सासूबाई म्हणाल्या. त्याने बटण फिरवले आणि नळी आधी स्वतःच्या ताटावर धरली.

तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसा आवाज झाला. काटा लाल रेघेवरून पलीकडे गेला. त्याने नळी बायकोच्या ताटावर नेली, उरलेल्या काळजावर. आता एकेक टिक वेगळी ऐकू येईना, नुसतीच एक करकर झाली, आणि काटा शेवटच्या खिळ्याला जाऊन टेकला. इतका पुढे गेलेला काटा त्याने धक्क्यावरही पाहिला नव्हता. बंद करायचे बटण त्याच्या अंगठ्याखालीच होते, पण अंगठा वळेना.

कप्तान नीट ऐकत होता. मग समजावून सांगितल्याशिवाय जावयाच्या डोक्यात उजेड पडणार नाही, अशा सुरात तो म्हणाला,

"अहो, पण हा विकायचा नाहीये. हा घरचा आहे."

सासूबाईंच्या हातात पळी तशीच राहिली होती. बायकोच्या तोंडात घास होता. तिने एकदा नवऱ्याकडे बघितले, एकदा बापाकडे बघितले आणि तो घास गिळला. बापासमोर ताटात घास टाकायची सवय तिला कधीच नव्हती.

टिकटिक्याने पेटी बंद केली. मग तो बोलायला लागला, आणि त्याचे त्यालाच ऐकवेना. धक्क्यावर हेच तो घडाघडा सांगायचा. राख पाण्यात पडते, पाण्यातले बारीक किडे ती खातात, त्यांना लहान मासा खातो, लहान्याला थोरला खातो, म्हणून थोरल्यात ती जास्त. काळजात साठते, काट्यात साठते. जो खाईल त्याच्या हाडांत जाऊन बसते. पोटातल्या बाळाची हाडे आई जे खाते त्याचीच होतात, हे वाक्य त्याच्या तोंडून निघून गेले.

कप्तान सुरुवातीला मान हलवत होता, मग त्याची मान थांबली. त्याला कुणी फसवले नव्हते आणि तो मूर्खही नव्हता. त्याच्या लेखी ते यंत्र म्हणजे एक नाका होता. नाक्यावर माल अडवतात, दंड करतात, फेकून देतात. त्याने माल वाईट होतो असे थोडेच आहे? जन्मभर त्याने असलेच नाके पाहिले होते. बंदराचा नाका, बर्फाचा नाका, वजनाचा नाका. प्रत्येक नाका चुकवून जे घरी आले ते पोरांनी खाल्ले आणि त्यावर ती मोठी झाली.

"मग ते लोक," त्याने विचारले, "ज्यांना माझा माल विकला, ते...?"

"त्यांना काही झालेलं नाही, बाबा," टिकटिक्या म्हणाला. "त्यांचा मासा चांगला होता."

हे ऐकून कप्तानाचे ओठ हलू लागले. तो घरे आठवत होता: इंजिनवाल्याचा म्हातारा, जाळी विणणाऱ्याची ओली बाळंतीण, तिच्या पलीकडची खोकल्याची पोर. कोणाला काय दिले, कधी दिले, किती आग्रहाने दिले. जेवढी माया जास्त तेवढा तुकडा मोठा गेला होता.

सासूबाईंनी पळी खाली ठेवली. रोज सकाळी डोक्याचा रस्सा द्यायचे, त्या कुणालाही उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या. नको म्हणायची, वास येतो म्हणायची. मी नाक दाबून पाजायचे. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला.

टिकटिक्या बायकोजवळ गेला. नळी अजून त्याच्या हातात होती, हे त्याच्या लक्षातही नव्हते. तिच्या लक्षात आले. तिने पदर ओढून पोटावर घेतला, थंडी वाजल्यावर घेतात तसा, आणि वरून दोन्ही हात ठेवले.

"ती नळी इकडे आणू नका," ती म्हणाली.

त्याने नळी मागे नेली, वायरीसकट पेटीत कोंबली, पेटी लाथेने दाराकडे सरकवली. मोजून तरी काय हाती लागणार होते? काटा हलला असता तर बाळाला बाहेर काढून चुन्यात पुरता येणार नव्हते, आणि हलला नसता तरी त्यावर त्याचा आता विश्वास बसला नसता. त्याला तिच्याशी बोलायचे होते. बाबांच्या बोटीचे बिनधास्त खा, असे मीच सांगितले, हे बोलायचे होते. पण ती ते बोलत नव्हती, त्यामुळे त्यालाही बोलता येईना. ती नुसती समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि तिचा एक अंगठा पदरावरून हळूहळू फिरत होता.

कप्तान उठला. त्याने सगळ्यांची ताटे एकावर एक रचली, अन्नासकट, आणि मोरीकडे नेली. मोरीशी जाऊन तो थांबला. मोरीचे पाणी गल्लीतल्या गटारात जात होते आणि गटार धक्क्याखालून समुद्रात. तो ताटे घेऊन परत आला. मागच्या दाराशी मांजरी नेहमीच्या वेळेला येऊन बसल्या होत्या, त्यांना त्याने पायाने हाकलले. शेवटी त्याने ताटे चुलीशेजारी जमिनीवर ठेवली आणि वर टोपली पालथी घातली. मग फडताळातली सुक्या माशांची बरणी काढली, तीही तिथेच ठेवली. कोपऱ्यात खारवलेल्या तुकड्यांचे मडके होते, ते बाळंतपणानंतर लागेल म्हणून त्याने स्वतः भरले होते. तेही त्याने ओढत आणले. एवढे करून झाल्यावर करायला काही उरले नाही.

तो मुलीसमोर येऊन गुडघ्यांवर बसला. एवढा धिप्पाड माणूस, बसताना त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. त्याने उजव्या हाताची ओंजळ केली आणि तिच्या हनुवटीखाली धरली.

"थुंक," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. ती रांगत होती तेव्हा हातात येईल ते तोंडात घालायची, वाळू, दोरीचे धागे, मेलेले खेकडे. बायका ओरडायच्या, घाबरायच्या, आणि हा न घाबरता असाच हात पुढे करायचा.

"बाबा, गिळलं मी," ती म्हणाली. "कधीच गिळलं."

"थुंक, चिमे. थुंकून टाक बघू."

टिकटिक्या पुढे होऊन काहीतरी सांगणार होता. सासूबाईंनी त्याचा हात धरला.

चिमीच्या तोंडाला कोरड पडली होती. तिने दोनदा प्रयत्न केला. मग मान खाली वाकवली आणि बापाच्या तळहातावर थुंकली, थोडेसेच. कप्तानाने मूठ मिटली, भिंतीला धरून उभा राहिला, मोरीकडे वळला, मागच्या दाराकडे वळला, आणि आता हे कुठे टाकायचे ते न समजून मूठ तशीच घट्ट धरून खोलीच्या मधोमध उभा राहिला.